पान 94 वरचा हुंडा

गेल्या 9 ऑगस्टला मी नंदुरबारात होतो. आदिवासी दिनाची रॅली, ढोल, डीजे, पिवळे झेंडे, पावसात भिजलेले फेटे. मैदानाच्या कडेला दोन टेबलं जोडून पुस्तकांचा स्टॉल लावला होता आणि त्यामागं आमच्या आश्रमशाळेतले सर उभे होते. मला सहावी-सातवीला मराठी शिकवणारे. त्यांनी कादंबरी लिहिली होती. स्वतःच्या पैशानं छापली होती, पाचशे प्रती. मी एक घेतली, दोनशे रुपये दिले, सरांनी सही केली आणि म्हणाले, "वाच आणि कळव रे. तू वाचणारा पोरगा आहेस."

रात्रीच्या पुण्याच्या बसमध्ये मोबाईलच्या टॉर्चवर वाचायला घेतली. पहिल्या दहा पानांतच मुद्रितशोधनाचं काय झालंय ते कळलं. नायिकेचं नाव दोन ठिकाणी बदललं होतं. ठीक आहे, म्हटलं. आपला माणूस आहे, पगारातून छापलंय. मग पान 94 आलं. नायिकेचं लग्न ठरतं, मुलाकडचे हुंडा मागतात, तिचा बाप सावकाराच्या पायऱ्या चढतो, जमीन गहाण टाकतो आणि परत येताना मोहाच्या झाडाखाली बसून रडतो.

मी पुस्तक मिटलं.

ज्यांना यात काय चुकलं ते कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात हुंडा नाही, देज असतं. भिलांत, पावऱ्यांत मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला पैसे द्यायचे असतात. पंच बसतात, आकडा ठरतो, घासाघीस होते, हसणं-भांडणं होतं. लग्नाचं कर्ज होतं, पण ते मुलाच्या घरात. ते फेडायला मुकादमाकडून उचल घ्यायची आणि लग्नानंतरचा पहिला हिवाळा नवरा-नवरीनं दोघांनी मिळून गुजरातेत उसाच्या फडात काढायचा, हे आमच्या डोंगरातल्या कितीतरी संसारांचं पहिलं प्रकरण आहे. त्यावर अख्खी कादंबरी उभी राहील. आजवर कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

सरांना हे माहीत नाही का? सरांनी स्वतःच्या लग्नात देज दिलंय. मग पान 94 वर हुंडा आला कुठून? तो मराठी सिनेमातून आला, टीव्हीवरच्या मालिकांतून आला, पाठ्यपुस्तकातल्या 'ग्रामीण' धड्यांतून आला. गरीब माणसाची गोष्ट म्हणजे सावकार, हुंडा आणि झाडाखाली रडणारा बाप, हा साचा सरांच्या हाताला इतका सवयीचा झाला होता की स्वतःचं घर लिहितानाही तोच छापा उमटला.

आठवड्यानं सरांचा फोन आला. "कशी वाटली?"

"छान आहे सर," मी म्हणालो.

हा लेख त्या 'छान'बद्दल आहे.

मी आयटीत काम करतो. आमच्याकडं कोणीही लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय पुढं जात नाही. पहिल्या नोकरीत माझ्या ऐंशी ओळींवर माझ्या सीनियरनं एकोणीस कमेंट टाकल्या होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. पण आज मागं बघतो तेव्हा वाटतं, त्या माणसानं मला गंभीरपणे घेतलं होतं. आमच्या पुस्तकांना हे कुणी देत नाही. आमच्या पुस्तकांचं होतं ते प्रकाशन: शाल, श्रीफळ, पाच भाषणं. भाषणात 'आदिवासी अस्मितेचा हुंकार' हे शब्द येतात, 'वास्तवाचं विदारक चित्रण' येतं, आणि बोलणाऱ्या पाचातल्या चौघांनी पुस्तक उघडलेलं नसतं. बाहेरच्या समीक्षकांचंही तसंच. ते आमच्या पुस्तकाकडं हातमोजे घालून येतात. 'भाषा ओबडधोबड असली तरी अनुभव अस्सल आहे,' असं लिहून निघून जातात. अनुभव अस्सल आहे की नाही हे त्यांना कळायचा मार्गच नाही. पान 94 त्यांना अस्सलच वाटलं असतं. उलट तेच सगळ्यात जास्त अस्सल वाटलं असतं, कारण ते त्यांच्या ओळखीचं आहे.

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात दर शंभर माणसांमागं साधारण 69 आदिवासी होते. म्हणजे इथं आम्ही अल्पसंख्य नाही. वाचणारी पोरंही आता आहेत. मोलगी-धडगावकडं रेंज लागली की पोरं रील बघतात हे खरं, पण त्याच फोनवर कथाही वाचतात. नर्सिंगच्या पोरी, भरतीची तयारी करणारे, डीएड करून बसलेले. त्यांना त्यांच्या नावाची, त्यांच्या गावाची गोष्ट हवी असते आणि ती मिळाली की ते अधाशासारखे वाचतात. मी त्यांतलाच. सातपुडा, सातपुडा असं सर्च करून मी रात्र-रात्र वाचलंय. त्यामुळं ही तक्रार वरून खाली बघणाऱ्याची नाही. उपाशी माणसाला शिळं वाढलं की तो चिडतो, तसा मी चिडलोय.

आता काय वाचायला मिळतं ते सांगतो. लेखकांची नावं घेत नाही. खिशातून छापणाऱ्या माणसाला भर चौकात उभं करण्यात अर्थ नाही, आणि ॲपवर लिहिणारे बरेचसे टोपणनावानंच लिहितात.

सगळ्यात जास्त चालतो तो भोंगऱ्या. होळीच्या आधीचे आठवडी बाजार, ज्यांना मध्य प्रदेशात भगोरिया म्हणतात. कथेत भोंगऱ्या आला की ठरलेलं असतं: मुलगा मुलीला पान देतो किंवा गालाला गुलाल लावतो, मुलगी लाजते, दोघं पळून जातात, 'मुक्त आदिवासी प्रेम' वगैरे. मी लहानपणापासून बाजाराला जातोय. भोंगऱ्या म्हणजे होळीसाठीची खरेदी. फुटाणे, गूळ, हार-कंगण, कपडे. ढोल घेऊन गावंच्या गावं उतरतात, नाचतात, दुसऱ्या गावाला दिलेल्या बहिणी भेटतात. पोरं पोरींकडं बघतात का? बघतात की. पुण्याच्या एफसी रोडलाही बघतात, म्हणून एफसी रोडला कुणी विवाह मेळावा म्हणत नाही. पळून जाऊन लग्नं आमच्यात होतात, पण त्यासाठी गुलालाच्या खुणेची वाट कुणी बघत नाही. हे प्रकरण बाहेरच्या पत्रकारांनी, टुरिझमवाल्यांनी रंगवलं आणि समाजातल्या संघटना वर्षानुवर्षं त्याचा निषेध करतायत. आणि आमचाच लेखक, तोच गुलाल, तेच पान, मुखपृष्ठावर छापतो.

होळीचंही तेच. काठीची राजवाडी होळी बघायला आता दूरदूरून लोक येतात, कॅमेरे येतात. पहाटे होळी पेटते, रात्रभर नाच असतो, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्ये आणि बावे. कथांमध्ये ही रात्र म्हणजे बेभान, उघडी, वासनेची रात्र. आता गंमत बघा. तो बुध्या ज्यानं व्रत धरलंय, पाळणी धरलीय, तो त्या दिवसांत खाटेवर झोपत नाही, बाईला शिवत नाही, खाण्यापिण्याची बंधनं पाळतो. म्हणजे अख्ख्या वर्षातले सगळ्यात शिस्तीचे दिवस त्याचे तेच असतात. रात्रभर पायांत घुंगरं, समोर बायको दुसऱ्या रांगेत नाचतेय आणि तिच्या जवळ जायचं नाही. सांगा, बेभान रात्रीपेक्षा ही गोष्ट जास्त चांगली आहे की नाही? ती लिहायला काही संशोधन लागत नव्हतं. शेजारच्या काकांना विचारलं असतं तरी चाललं असतं.

या दोन गोष्टींवर मी हसू शकतो. तिसरीवर नाही. कथांच्या ॲपवर 'सातपुड्याची डाकीण' या धर्तीच्या भयकथांचा सुकाळ आहे. अमावस्या, टेकडीवरची एकटी म्हातारी, मरणारी लेकरं, शेवटी ती खरंच डाकीण निघते आणि गाव तिला संपवतं. खाली वाचकांचे अंगठे आणि 'पुढचा भाग लवकर टाका'. आमच्याकडं एकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही घेतात. जमिनीचा वाद असतो, एखादं पोर तापानं गेलेलं असतं, बोट मात्र तिच्याकडं दाखवतात. महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला त्यामागं अशाही बायका आहेत. आणि गोष्टीत मात्र गाव बरोबर निघतं, म्हातारी खरंच दोषी निघते. हे वाईट लेखन आहे असं म्हणणं म्हणजे सौम्य बोलणं झालं. अशा कथा लिहिणाऱ्यांत आमच्या भागातलेही आहेत, हे त्यांच्या गावांच्या नावांवरून आणि नद्यांच्या अचूक वळणांवरून कळतं. वळण अचूक, बाई खोटी.

मागच्या वर्षी फोनवर 'अमेरिकन फिक्शन' नावाचा सिनेमा पाहिला. कॉर्ड जेफरसननं 2023 मध्ये केलेला, पटकथेला ऑस्कर मिळालेला. तो पर्सिव्हल एव्हरेटच्या 'इरेजर' या 2001 च्या कादंबरीवर आहे. त्यातला मंक हा काळा लेखक, प्राध्यापक, ग्रीक नाटकांवर आधारित अवघड पुस्तकं लिहिणारा. दुकानात त्याची पुस्तकं आफ्रिकन-अमेरिकन कप्प्यात टाकलेली असतात, का तर फोटोतला चेहरा काळा आहे. दुसरीकडं वस्तीची, बंदुकांची, मोडक्या इंग्रजीतली एक कादंबरी धडाक्यात खपतेय आणि सगळे तिला 'अस्सल' म्हणतायत. मंक वैतागतो, टोपणनावानं मुद्दाम तसलीच भिकार कादंबरी लिहून पाठवतो. ती प्रचंड पैशाला विकली जाते. तिला पुरस्कार द्यायची वेळ येते तेव्हा परीक्षक मंडळात तो स्वतःच असतो.

मी हसलो, मग थांबलो. सरांच्या पान 94 चं मंकच्या कादंबरीशी नातं होतं. फरक एवढाच की मंकनं टिंगल म्हणून लिहिली आणि सरांनी मनापासून.

मग तिकडचं आणखी वाचत गेलो. ही तक्रार तिकडं जुनी आहे. जानेवारी 2006 मध्ये निक चाइल्स या पत्रकार-कादंबरीकारानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता. अटलांटाजवळच्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात तो गेला, काळ्या साहित्याचा भला मोठा कप्पा बघून आधी खूश झाला, मग जवळ जाऊन बघतो तर उघड्यावाघड्या मुखपृष्ठांच्या गल्लीबोळातल्या कादंबऱ्या आणि त्यांच्या गर्दीत टोनी मॉरिसन चेंगरलेली. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याच्यावर टीकाही झाली, कारण त्या गल्लीबोळातल्या कादंबऱ्यांमागंही गोष्टी होत्या. टेरी वूड्सला प्रकाशकांनी नाकारलं तेव्हा तिनं पुस्तक स्वतः छापलं आणि गाडीच्या डिकीतून विकलं. ते वाचून कितीतरी पोरींनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक संपवलं असणार. डिकीतून पुस्तक विकणारी टेरी वूड्स आणि पावसात दोन टेबलं जोडून उभे असलेले आमचे सर. मला चाइल्सची बाजू घ्यायची होती आणि डोळ्यांसमोर सर येत होते.

आणखी एक गोष्ट वाचली, तिनं तर माझी झोपच उडवली. 1937 मध्ये झोरा नील हर्स्टनची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' आली. फ्लोरिडातल्या एका काळ्या बाईची गोष्ट, संवाद सगळे तिथल्या बोलीत. रिचर्ड राइट तेव्हा तरुण होता, तीन वर्षांनी 'नेटिव्ह सन' लिहून गाजणारा. त्यानं परीक्षणात या कादंबरीला झोडपलं. यात विषयच नाही, विचार नाही, गोऱ्या वाचकांना आवडेल तसं आपल्या लोकांना भाबडं दाखवलंय, असा त्याचा रोख होता. म्हणजे जवळपास माझीच तक्रार! राइट बुद्धिमान होता, आतला होता, तळमळीचा होता आणि चुकला होता. हर्स्टन 1960 मध्ये गरिबीत गेली, कबरीवर नावही नव्हतं. 1973 मध्ये अ‍ॅलिस वॉकर गवतातून वाट काढत ती कबर शोधत गेली, तिथं दगड बसवला आणि मग लोक हर्स्टनला पुन्हा वाचायला लागले.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतोय की सरांच्या बाबतीत मी रिचर्ड राइट तर होत नाहीये ना. प्रामाणिक उत्तर असं की नाही. हर्स्टनची माणसं ज्या बोलीत बोलतात ती तिच्या गावाची होती. सरांची माणसं कुठल्या बोलीत बोलतात? "म्या न्हाई जानार जी." "आवं, पोरीला काय झालंया." हे सातपुड्यात कोण बोलतं? ही कोल्हापूर-साताऱ्याच्या तमाशापटांतली भाषा आहे, तीही नीट नाही. आमच्याकडं भिली आहे, देहवाली आहे, पावरी आहे, मावची आहे, खाली बाजारात उतरलं की अहिराणी आणि गुजराती. नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा प्लॅटफॉर्म गुजरातेत आहे. तिथल्या बाकावर दहा मिनिटं बसलात तर चार भाषा ऐकू येतात. कादंबरीत मात्र गरीब माणूस तोंड उघडतो आणि कोल्हापूर बाहेर पडतं. संवाद सगळे भिलीत लिहा असं मी म्हणत नाही, मला कळतं की मग वाचणार कोण. साध्या मराठीत लिहा, पण वाक्याची चाल तरी आपली ठेवा. आमची माणसं मोठं दुःख लहान वाक्यात सांगतात आणि मध्येच हसतात. ते 'आवं' आणि 'जी'मध्ये येत नाही.

यावर मित्र म्हणतात, "अरे, लोकप्रिय लिखाण असंच असतं. तू साहित्य शोधतोयस, लोकांना टाइमपास पाहिजे." हे मला मान्य नाही, आणि त्यासाठी मला अमेरिकेला जायची गरज नाही. अण्णा भाऊ साठे होते की. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला माणूस, वारणेच्या खोऱ्यातून मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, लोकनाट्य गाजवलेला. 'फकिरा' 1959 ची. तिच्यात घोडा आहे, तलवार आहे, दरोडा आहे, दुष्काळ आहे, टाळ्या घेणारी जागा दर दहा पानांवर आहे. तिच्यावर सिनेमा निघाला. 'वैजयंता'वर निघाला, आणखीही निघाले. यापेक्षा लोकप्रिय काय असतं? आणि तरी राणोजी जोगणीसाठी जीव घालवतो तेव्हा ती प्रथा त्या खोऱ्याचीच असते, दुसऱ्या कुठल्या सिनेमातून उचललेली नसते. मांगांचं शौर्य सांगताना अण्णा भाऊ भडक होतात, कधीकधी खूपच भडक, त्यांच्या सगळ्याच कादंबऱ्या 'फकिरा'च्या तोडीच्या नाहीत, काही तर घाईत उरकलेल्या वाटतात. पण भूक कशी असते, धान्य लुटायची वेळ माणसावर कधी येते, हे ते कुणाला विचारून लिहीत नव्हते. भडकपणा मला चालतो. माझं भांडण उसनवारीशी आहे.

बाहेरच्यानं लिहिलेल्याचं काय? गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ठाकरांवर आहे. बरेच जण तिला ओळखतात ते 1977 च्या जब्बार पटेलांच्या सिनेमामुळं, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्यामुळं, आणि महानोर-मंगेशकरांच्या गाण्यांमुळं. मी बिचकतच वाचली होती, कारण गोनीदा ठाकर नव्हते. भाबडेपणा आहेच तिच्यात, निसर्गपुत्र वगैरे छटा आहेत. पण नाग्याला राणीमाशीचा सूड घ्यायचाय, ज्या डोंगराला त्याचा समाज देव मानतो त्याच्याशी त्याचं भांडण आहे, ही त्याची स्वतःची इच्छा आहे. कुणी सावकार त्याला ती इच्छा देत नाही. तो फक्त छळला जाणारा माणूस नाही, त्याला काहीतरी हवं आहे. सरांच्या दोनशे पानांत नायिकेला काय हवं असतं ते मी शोधत राहिलो. तिच्यावर गोष्टी कोसळत राहतात. शेवटी तिचा भाऊ कलेक्टर होतो.

हो, कलेक्टर. हा आमचा नवा सुखान्त. राजेंद्र भारूड यांचं 'मी एक स्वप्न पाहिलं' आमच्या घराघरांत आहे. साक्री तालुक्यातल्या झोपडीतून ते आयएएस झाले, पुढं आमच्याच जिल्ह्याचे कलेक्टर झाले, ते सगळं घडलेलं आहे आणि ते वाचून मी स्वतः बारावीला उठून बसलो होतो. पण आत्मकथनात जे कष्टानं घडतं ते कादंबरीत शेवटच्या चार पानांत नुसतं येऊन पडतं. लाल दिवा, गाव जमा, सावकार पायावर. ज्या हजारो पोरांची यादीत नावं आली नाहीत, जी पुण्यात अभ्यासिकेत बसून तिशीला पोचली आणि आता गावी जायला लाजतात, ती आमच्या गोष्टीत कुठं आहेत? ती पोरं माझ्या रूमवर येऊन झोपतात. मला त्यांची कादंबरी वाचायचीय.

आमच्या जिल्ह्यात हे होऊ शकतं याचा पुरावाही आहे. शहाद्याचे वाहरू सोनवणे. चळवळीतले, 'गोधड'चे कवी. त्यांची 'स्टेज' ही कविता इतक्या भाषांत गेली. आमच्या दुःखाबद्दल दुसरेच व्यासपीठावर बसून बोलत राहिले, एवढाच तिचा विषय, आणि एकही शब्द सजवलेला नाही. ती वाचली की मला दर वेळी एक अडचणीचा प्रश्न पडतो. आता स्टेज मिळालंय. 9 ऑगस्टला अख्खं मैदान आमचं असतं, माइक आमचा असतो. मग त्या माइकवरून आम्ही त्यांचीच वाक्यं का बोलतोय?

आता घरचं सांगतो. दिवाळीला गावी गेलो तेव्हा सरांचं पुस्तक बॅगेत होतं. माझी बहीण नर्सिंगला आहे, तिनं ते उचललं. संध्याकाळी ती चुलीजवळ बसून याहाला, म्हणजे आईला, आमच्या भाषेत करून सांगत होती. याहाला वाचता येत नाही, पण गोष्टीची तिला प्रचंड आवड आहे. बरीच पानं ती शांत ऐकत होती. हुंड्याचं पान आलं तेव्हा तिनं थांबवलं. दोनदा विचारलं, पैसे कोणी कोणाला दिले? बहिणीनं परत सांगितलं. याहा म्हणाली, "हे कुठल्या लोकांचं पुस्तक आहे?"

चिडून नव्हती म्हणाली. तिला खरंच वाटलं की दुसऱ्या कुठल्या तरी मुलखाची गोष्ट चाललीय. आणि मग तिनं चांगल्या श्रोत्यासारखं पुढं ऐकायला घेतलं. दुसऱ्या मुलखातल्या त्या पोरीची तिला दया येत होती.

त्या रात्री ठरवलं की सरांना खरं सांगायचं. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी त्यांना गाठलं. चहाच्या टपरीवर बसलो. माझ्याकडं वहीत दोन पानं मुद्दे होते, अगदी पान क्रमांकासकट. कोड रिव्ह्यूच म्हणा. नायिकेच्या नावापासून सुरुवात केली, मग संवाद, मग होळी. सर ऐकत होते. होळीबद्दल म्हणाले, "तुझं बरोबर आहे, मी स्वतः पाळणी धरलीय एकदा. सुचलंच नाही." मग मी पान 94 काढलं. देजाचं बोललो. याहाचं वाक्यही सांगितलं. जरा जोरातच बोललो बहुतेक, कारण टपरीवाल्यानं वळून बघितलं.

सर बराच वेळ कप हातात घेऊन बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पुतणीच्या लग्नात मागितला रे."

"काय?"

"हुंडा. मुलगा नोकरीला आहे. सरकारी. आपलाच, आपल्यातलाच. देज नको म्हणाले, वर गाडी मागितली. भावानं कर्ज काढलं. सोसायटीचं आणि थोडं माझ्या नावावर."

मी वही मिटली.

तर पान 94 अगदीच हवेतून आलं नव्हतं. नोकरी आली, शहर आलं, त्यामागून हुंडा आला. आमच्या जमातीत हुंडा शिरताना सरांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. पाहिलेलं कळलंही होतं. आणि लिहायला बसल्यावर ते चाळीस वर्षांपूर्वीच्या पाड्यावर नेऊन ठेवलं, नोकरीवाल्या जावयाच्या जागी बिगर-आदिवासी सावकार उभा केला, गाडीच्या जागी जमीन गहाण टाकली. खरी गोष्ट त्यांच्याकडं होती. आजवर आमच्याबद्दल लिहिल्या गेलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ती मोठी होती. ती झाकून त्यावर त्यांनी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लिहिली.

"सर, मग हेच का नाही लिहिलं?" मी विचारलं.

मला 'बलुतं' आठवत होतं. 1978 मध्ये दया पवारांनी आपल्या वस्तीचं, आपल्या घराचं झाकलेलं उघडं केलं तेव्हा आपल्याच माणसांतले कितीतरी जण त्यांच्यावर चिडले होते. मी ते सरांना सांगायलाही सुरुवात केली, दगडू आणि दया पवार असे दोन जण त्यात एकमेकांशी कसे बोलतात, स्वतःच्याच दोन भागांत गोष्ट कशी वाटून घेता येते वगैरे. सरांनी मध्येच थांबवलं.

"पुतणी त्या घरात नांदतेय," ते म्हणाले. "पुस्तक तिच्या नवऱ्यालाही दिलंय मी. त्यानंच स्टेटसला फोटो टाकला होता. तू लाइक केलंस बघ."

मी केलं होतं.

सरांनी चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत. उठताना वहीची ती दोन पानं मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, दुसरी आवृत्ती काढायची म्हटलं तर किती खर्च येतो, इंटरनेटवर बघून सांगशील का.